जाड-बारीक सुताच्या मागावर

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडायची असेल तर घड्याळाआधी भरती-ओहोटी बघावी. मोरा बंदरात गाळ इतका साचतो की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागू शकत नाही आणि फेऱ्या काही तास बंद राहतात. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू सुरू झाला, त्याच दिवशी रेल्वेही उरणपर्यंत पोहोचली. त्यामुळे घाई असलेला माणूस आता लाँचच्या वाटेला फारसा जात नाही. मी मात्र मुद्दाम लाँचनेच निघालो. मला एका सुताचा माग काढायचा होता, आणि त्याचं कच्चं टोक याच समुद्रात आहे.

हे सूत म्हणजे बाजारात ज्याला ‘स्लब’ म्हणतात ते. कापड हातात घेतलं की मध्येच जाड, मध्येच बारीक असा धागा लागतो. कुडते, जीन्स, पडदे, सोफ्याची कापडं, जिकडे पाहावं तिकडे हल्ली हा खडबडीतपणा दिसतो. दुकानदार त्याला ‘खादी लूक’ म्हणतो आणि चार पैसे जास्त लावतो. त्यातलं बरंचसं कापड पॉलिएस्टरचं किंवा पॉलिएस्टर मिसळलेलं असतं आणि त्यातली प्रत्येक गाठ यंत्राने, ठरवून, मोजून घातलेली असते. ती कशी घालतात हे बघायचं होतं. शिवाय नकाशावर एक गोष्ट लक्षात आली होती. खनिज तेल जिथे किनाऱ्याला लागतं ते उरण, त्या तेलाच्या पोटातून येणारा धागा जिथे तयार होतो ती पाताळगंगा आणि हातसुताचा आयुष्यभर ध्यास घेतलेल्या विनोबांचं जन्मगाव गागोदे ही तिन्ही ठिकाणं एकाच रायगड जिल्ह्यात, एकमेकांपासून फार तर दीड-दोन तासांवर आहेत.

लाँच सुटली की डाव्या हाताला आधी जवाहर द्वीप लागतं. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘बुचर आयलंड’. तेलवाहू जहाजं इथे रिकामी होतात. त्यामागे घारापुरी. लेण्यांकडे जाणाऱ्या गर्दीची बोट अपोलो बंदरावरून निघते. आमच्या लाँचमध्ये मासळीच्या रिकाम्या टोपल्या, मुंबईहून खरेदी करून परतणाऱ्या बायका, दोन दुचाक्या आणि मी. साधारण तासाभरात मोरा येतं.

बंदर म्हणजे एक लांब धक्का, तिकिटाची खिडकी, कोळीवाडा आणि उरणला नेणाऱ्या रिक्षा. इंग्रजी अमदानीत उरणची ओळख मीठ आणि मोहाची दारू अशी होती. इथल्या भट्ट्यांतला माल खाडी ओलांडून मुंबईला जाई. आज मोऱ्याच्या आसपासची जमीन नौदल आणि तेल यांनी व्यापली आहे. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, १९७४ मध्ये बॉम्बे हायचं तेल सापडलं. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं तेव्हा ते टँकरने येई. पुढे समुद्राच्या तळावरून नळ टाकला गेला आणि तेल व वायू थेट उरणला येऊ लागले. रात्री उरणच्या दिशेला जी ज्योत दिसते ती ओएनजीसीच्या प्रकल्पाची.

कपड्याशी याचा संबंध काय? पॉलिएस्टर दोन पदार्थांपासून बनतं. एक टेरेफ्थॅलिक आम्ल, म्हणजे धंद्याच्या भाषेत ‘पीटीए’. ते पॅराझायलिनपासून बनतं आणि पॅराझायलिन तेलातल्या नाफ्थ्यापासून. दुसरा ग्लायकोल, ‘एमईजी’, तो इथिलिनपासून. उरणला वेगळा केलेला ईथेन-प्रोपेन वायू नळाने नागोठण्याला जातो आणि तिथे त्याचं इथिलिन होतं. म्हणजे आपल्या अंगातल्या शर्टाचा एक आजा या समुद्राखाली कोट्यवधी वर्षं पडून होता. ही रसायनं जोडून धागा काढण्याची युक्ती १९४१ मध्ये विनफिल्ड आणि डिक्सन या दोन इंग्रजांनी शोधली, आणि तीही मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनच्या प्रयोगशाळेत. सुती कापड छापणाऱ्यांच्या नोकरीत राहून सुताला प्रतिस्पर्धी काढला.

उरणहून पनवेलकडे निघालं की न्हावा शेव्याचे कंटेनर दोन्ही बाजूंना भिंतीसारखे उभे. २६ मे १९८९ ला सुरू झालेलं हे बंदर देशातल्या कंटेनर वाहतुकीचं मोठं दार. जर्मनी, जपान आणि आता मोठ्या प्रमाणावर चीन, या देशांतून येणाऱ्या कापडधंद्यातल्या यंत्रांचे खोके याच बंदरातून पुढे जातात. नव्यांबरोबर जुनीही. परदेशात वापरून झालेले माग इथे येऊन आणखी पंधरा-वीस वर्षं चालतात. जासईला हुतात्मा स्मारक आहे. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबार झाला आणि पाच जण गेले. त्या रस्त्याने जाताना तिथे दोन मिनिटं थांबावं.

पनवेल, पळस्पे, मग जुन्या पुणे रस्त्याने दांड फाटा आणि उजवीकडे वळलं की रसायनी. गावाचं नावच कारखान्यांवरून पडलेलं. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली, तिचा कारखाना इथे उभा राहिला आणि वसाहत वसली. आता तो बंद आहे. त्याच्या पलीकडे मोहोपाडा आणि पाताळगंगेची औद्योगिक वसाहत. आपटा स्टेशनही याच टापूत येतं. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधली शेवटची आगगाडी तिथेच पकडली गेली, त्यामुळे मुंबईची तरुण मंडळी फोटो काढायला येतात.

पाताळगंगा नदीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण कारखाने इथे आले ते पाण्यासाठी. कोकणातल्या नद्या पावसाळ्यात दांडगाई करतात आणि मार्च-एप्रिलमध्ये गोट्यांवर येतात. पाताळगंगा मात्र बारमाही वाहते, आणि याचं श्रेय टाटांकडे जातं. लोणावळ्याच्या आसपास, घाटमाथ्यावर धरणं बांधून तिथलं पाणी नळांतून खोपोलीला उतरवायचं आणि त्यावर वीज करायची, हा उद्योग १९१५ मध्ये सुरू झाला. जे पाणी पूर्वेला वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळायचं ते वीज देऊन पाताळगंगेत पडतं आणि अरबी समुद्राला जातं. ती वीज मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी होती. उरलेल्या पाण्यावर पुढे सत्तर वर्षांनी पॉलिएस्टरचे कारखाने उभे राहिले, ज्यांनी गिरण्यांच्या सुती धाग्याचा बाजार खाल्ला.

वर्षांचा मेळ तर फारच बोलका. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना चालू झाला, तंत्र अमेरिकेच्या ड्यू पाँटचं. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणणार नाही. गिरण्यांचं दुखणं फार जुनं होतं. पण सुती चात्या थांबल्या आणि खाडीपलीकडे दुसऱ्याच जातीचा धागा धो-धो सुटू लागला, हे एकाच वर्षात घडलं. १९८५ मध्ये बॉम्बे डाइंगनेही इथेच ‘डीएमटी’चा कारखाना काढला. पॉलिएस्टर पीटीएपासून करावं की डीएमटीपासून, या कोरड्या रासायनिक प्रश्नावर ऐंशीच्या दशकात देशाचं राजकारण तापलं होतं, हे आज सांगून खरं वाटत नाही. २४ जुलै १९८९ च्या अतिवृष्टीत पाताळगंगा कारखान्यांत शिरली. ज्या पाण्यासाठी आले त्याच पाण्याने यंत्रं चिखलात बुडवली; ती काही आठवड्यांत पुन्हा चालू केली गेली.

असल्या कारखान्यात फाटकाबाहेरूनच नमस्कार करायचा असतो. पण आत काय चालतं ते या धंद्यात काम केलेल्या कोणालाही विचारा. वितळलेलं पॉलिएस्टर २८०-२९० अंश तापमानाला, अगदी बारीक भोकांच्या चकतीतून खाली सोडतात. भोकं ४८ असली तर ४८ तंतू. थंड हवेत ते घट्ट होतात आणि खाली गुंडाळले जातात, मिनिटाला ३००० मीटरच्या वर. ३२०० मीटर धरले तर ताशी १९२ किलोमीटर झाले. द्रुतगती मार्गावर या वेगाने कोणी गेलं तर पोलीस सोडणार नाहीत. इथून निघतं त्याला ‘पीओवाय’ म्हणतात. हा अर्धकच्चा धागा. काचेसारखा गुळगुळीत, हाताला थंड आणि ओढला तर आणखी लांबणारा. याचं कापड अंगाला चिकटेल आणि घाम टिपणार नाही. त्याला अंग आणायचं काम पुढच्या यंत्राचं, त्याचं नाव टेक्स्चरायझिंग.

देशातल्या टेक्स्चरायझिंगचा मोठा पसारा सुरत, सिल्वासा, दमण या पट्ट्यात आहे. मला तेवढं लांब जायचं नव्हतं. कळंबोली, मुंब्रा करत भिवंडी गाठली. तिथे एका ओळखीच्या मागवाल्याने एका मध्यम कारखान्यात शब्द टाकला होता. नाव छापायचं नाही, या अटीवर मालकांनी आत सोडलं. भिवंडीत पद्मशाली समाजाची वस्ती मोठी. घरात तेलुगू आणि बाहेर अस्खलित मराठी बोलणाऱ्या या लोकांनी इथला माग पिढ्यान्‌पिढ्या चालवला. आम्हाला यंत्र दाखवणारे मास्तर त्यातलेच. कानात कापसाचे बोळे, खिशात छोटी कात्री.

“साहेब, आवाजाने घाबरू नका, वरती बघा,” मास्तर म्हणाले. यंत्र दुमजली उंचीचं, लांबी एखाद्या आगगाडीच्या डब्याएवढी, दोन्ही अंगांना मिळून दोनशेच्या वर धागे एकाच वेळी पळत होते. एका बाजूला पीओवायची भेंडोळी लावलेली. तिथून धागा वर चढतो, लांबट तापकातून जातो, थंड पट्टीवर टेकतो आणि खाली एका छोट्याशा खटपटीतून सुटतो. सगळं मर्म त्या खटपटीत. तीन उभ्या दांड्यांवर जाड नाण्याएवढ्या चकत्या एकमेकींत गुंतून फिरत असतात. काही ठिकाणी चिनी मातीच्या, काही ठिकाणी पॉलियुरेथेनच्या. धागा त्यांच्यामधून घासत जातो आणि घासण्याने त्याला पीळ बसतो. पण हा पीळ खोटा. चकत्यांच्या आधी जितका चढतो तितकाच चकत्यांनंतर उलगडतो. मधल्या वेळात तापकाने तो पीळ तंतूंच्या हाडात मुरवलेला असतो. त्यामुळे पीळ सुटला तरी तंतू पुन्हा सरळ होत नाहीत, कुरळे राहतात. कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकते, धागा फुगतो, मऊ होतो, ताणला तर परत येतो. वॅटविल या स्विस गावातल्या हेबरलाइन कंपनीने हे तत्त्व १९३० च्या दशकात ‘हेलांका’ नावाने बाजारात आणलं.

वेगाचा हिशेब मास्तरांनी पुठ्ठ्यावर करून दाखवला. दीडशे डेनियरच्या धाग्याला मीटरमागे अडीच हजारांच्या आसपास पीळ. यंत्र मिनिटाला ६०० मीटर धावतं. म्हणजे एका धाग्यावर मिनिटाला पंधरा लाख पीळ चढले आणि पंधरा लाख उतरले. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. त्यामुळे दीडशे डेनियरचा एक किलो धागा ६० किलोमीटर भरतो. मोरा बंदरापासून खोपोलीपर्यंत एक किलो पुरेल.

पीओवाय २५० डेनियरचा घेतला की टेक्स्चराइज होऊन १५० चा निघतो, कारण आतले रूळ बाहेरच्यांपेक्षा हळू फिरतात आणि धागा वाटेत ओढला जातो. पुढे हवेची फुंकर मारून तंतू ठिकठिकाणी गुंतवतात. गुंतवणूक न केलेला तो ‘निम’, थोडी केलेला ‘सिम’, जास्त केलेला ‘हिम’. भाव विचारायचा तर ही तीन नावं पाठ हवीत.

आता जाड-बारीकचं यंत्र. ते कोपऱ्यात होतं आणि मालकांचा खरा जीव त्याच्यावर. नेहमीच्या यंत्रात रूळांचे वेग रेसभरही हलू नयेत म्हणून काळजी घेतात, इथे वेग हलवायलाच वेगळी मोटार, तिला सर्व्हो म्हणतात. पीओवायला एक खोड असते. पुरेसा ओढला तर तो सगळीकडे सारखा बारीक होतो. त्यापेक्षा कमी ओढला तर सारखा होतच नाही. चिक्कीचा पाक अर्धवट ओढला की एका जागी तार निघते आणि शेजारी गोळा राहतो, तसं. या खोडीचाच उपयोग करतात. ओढ मधूनच सैल सोडायची, क्षणात पुन्हा आवळायची. सैल सुटलेला तुकडा जाड राहतो. गंमत पुढे आहे. जाड तुकड्यातले रेणू नीट ओळीत आलेले नसतात, त्यामुळे रंग त्यात जास्त शिरतो. एकाच हौदात बुडवलेला धागा जाड जागी गडद आणि बारीक जागी फिका दिसतो, आणि दोन रंगांची लोकर पिंजून काढल्यासारखा भास होतो. रंगाऱ्याला काहीही वेगळं करावं लागत नाही.

दुसरी तऱ्हा दोन धाग्यांची. एक गाभा, तो एका वेगाने सरळ जातो. दुसरा त्याच्याभोवतीचा, त्याला मधूनच गरजेपेक्षा जास्त सोडतात. जास्तीचा धागा जाणार कुठे? तो तिथल्या तिथे गाभ्यावर गुंडाळून फुगवटा धरतो. हवेच्या झोतातून जाणाऱ्या यंत्रात हेच केलं की बाहेर बारीक-बारीक फासे सुटतात आणि पॉलिएस्टर अगदी कापसासारखं दिसतं.

सुती गिरणीतला स्लब याहून सोपा. रिंग फ्रेमवर रूळांच्या तीन जोड्या असतात. मागची हळू, पुढची जलद, त्यामुळे पेळू ताणून बारीक होतो. पुढची जोडी तशीच ठेवून मागच्या दोन्हींना क्षणभर जोर दिला की तेवढ्या वेळात कापूस जास्त येतो आणि धागा जाड होतो. किती जाड, किती लांब, दोन गाठींत अंतर किती, हे तीन आकडे संगणकात भरले की झालं.

झालं, असं मला वाटलं. मास्तर हसले. “तीन आकडे भरून कापड विणा, मग बघा काय होतं.” त्यांनी कपाटातून एक जुना तुकडा काढला. कापडभर तिरप्या रेघा, जणू कोणी पट्टी धरून आखल्या होत्या. गाठी समान अंतरावर आल्या तर बाण्याच्या प्रत्येक फेऱ्यात त्या शेजारी-शेजारी पडतात. कापडाची रुंदी त्या अंतराच्या पटीत असेल तर उभा पट्टा, थोडी कमी-जास्त असेल तर तिरपा. गिऱ्हाईक म्हणतं, माल खराब आहे. म्हणून गाठींची लांबी, जाडी, अंतर, सगळंच सतत बदलतं ठेवावं लागतं, आणि हा बदलही कापडाच्या रुंदीशी जमून जाणार नाही असा आखावा लागतो. बेशिस्त दिसावी म्हणून इतकी शिस्त! या यंत्रातला महाग भाग लोखंडाचा नाही, तो हा हिशेब करणारा मेंदू आहे. तो पूर्वी स्वित्झर्लंड-जर्मनीतून आणावा लागे, आता सुरत आणि कोईम्बतूरचे यंत्रवालेही देतात.

तपासायची पद्धत मात्र आजोबांच्या काळातली. काळ्या पाटीवर धागा सारख्या अंतराने गुंडाळायचा आणि उजेडात धरायचा. नाहीतर मोज्यासारखी छोटी नळी विणून ती रंगवायची. चूक असली तर पट्टा लगेच उमटतो. “डोळ्याला जे दिसतं ते कॉम्प्युटरला उशिरा दिसतं,” मास्तर म्हणाले. जाड जागेची एक अडचणही त्यांनी सांगितली. सुती धाग्यात पीळ नेहमी बारीक जागी धावतो. जाड जागा सैल राहते, तिथे कापडावर लवकर गोळे येतात. स्लबचा कुडता दोन-चार धुण्यांत केसाळ होतो तो त्यामुळे.

या सगळ्यात विनोद असा की दीडशे वर्षं कापडधंद्याची सारी हुशारी उलट दिशेला खर्च झाली. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी ताडदेवला मुंबईतली पहिली सूतगिरणी काढली, तेव्हापासून चांगल्या सुताची एकच खूण: सारखेपणा. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावच्या कंपनीने गेल्या शतकाच्या मध्याला सुताचा असमानपणा विजेने मोजणारं यंत्र काढलं. धागा दोन पत्र्यांमधून जातो आणि जाडी बदलली की सूक्ष्म विद्युतफरक पडतो. जगभर सूत त्या आकड्यावर विकलं जातं. घाटकोपरच्या बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशनमध्ये, म्हणजे १९५४ पासून चालू असलेल्या ‘बीटीआरए’मध्ये, हे आकडे कमी कसे करावेत यावर माणसांनी कारकिर्दी घालवल्या. आणि आता गिऱ्हाईक म्हणतं, मला वाढवून द्या.

मागणी अगदीच निराधार नाही. निसर्गात असमान सूत पूर्वीपासून मानाचं आहे. दोन रेशीमकिडे मिळून एकच कोश करतात, त्याच्या गुंतलेल्या धाग्यातून दुपियन निघतं. आपल्या विदर्भातलं टसर घ्या. भंडाऱ्याजवळच्या आंधळगावात ते विणतात आणि करवतकाठी साडीत ते वापरतात. त्याचा खडबडीत, मातकट झळाळ कोणत्याही गुळगुळीत रेशमाला येत नाही. पॉलिएस्टरवाल्यांनी जाड-बारीकची नक्कल आधी या रेशमांची केली, मग लिननची, आणि खादीची सगळ्यांत शेवटी.

म्हणून शेवटचा टप्पा पेण. तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबांचा जन्म झाला. वडील नरहर शंभुराव भावे वस्त्रविद्या शिकलेले, नोकरीला बडोद्यात. म्हणजे सूत घरातच होतं. डोंगरपायथ्याचं गाव शांत आहे, भाताची खाचरं आहेत, आणि विनोबांच्या नावावर गर्दी करणारं इथे कोणी नाही. हे मला तरी बरं वाटलं. १९२१ मध्ये विनोबा वर्ध्याला गेले आणि पुढे कित्येक वर्षं रोज तासन्‌तास कातत राहिले. कातणाऱ्याला मिळते तेवढ्याच मजुरीत जगून बघायचा प्रयोगही त्यांनी केला.

पेणमध्ये एका निवृत्त शिक्षकांनी टकळी चालवून दाखवली. जमिनीला टेकवलेली टकळी एका हाताने भिरकावायची, दुसऱ्या हातातला पेळू हळूहळू वर न्यायचा. मी त्यांना विचारलं, “सर, हातसुताचं सौंदर्य या जाड-बारीकपणात आहे, नाही का?” ते चक्क रागावले. “कोण म्हणतं? आम्हाला जाड-बारीक सुतासाठी ओरडा मिळायचा. पीळ बारीक जागी जातो, जाड जागा कच्ची राहते, मागावर तुटते. विणकर शिव्या देतो.”

माझ्या मते या सगळ्या प्रवासातली खरी गोष्ट ही. खादीच्या चळवळीला असमान सूत कधीच नको होतं. चरखा संघाच्या परीक्षेत सुताचा कस आणि सारखेपणा तपासत. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात पेटी चरख्यावर काम केलं ते चांगलं सूत सोप्या रीतीने निघावं म्हणून. यंत्राला त्यांचा विरोध होता असं सरसकट म्हणणाऱ्यांनी १९२९ सालची जाहिरात आठवावी. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघावं, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी आणि यंत्र वीस वर्षं टिकावं, अशा अटी. किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र उतरलं होतं. बक्षीस शेवटी कोणालाच मिळालं नाही. पण मागणी स्पष्ट होती: सूत भरपूर हवं, मजबूत हवं आणि एकसारखं हवं. शहरातल्या दुकानात ‘हाताचा स्पर्श’ म्हणून जो विकला जातो तो कातणाऱ्याच्या लेखी दोष होता, आणि तो काढण्यासाठी त्याने जन्म घालवला.

यावरून स्लबचं यंत्र लबाडीचं आहे, असा निष्कर्ष मी काढत नाही. भिवंडीच्या मास्तरांचं काम हे अव्वल कारागिराचं काम आहे. स्वस्तात चांगलं दिसणारं कापड लोकांना मिळतं, त्यात गैर काही नाही. चीड येते ती दुकानात, जेव्हा पॉलिएस्टरच्या स्लबवर ‘खादी’ची चिठ्ठी लागते. हाताने कातलेलं आणि हाताने विणलेलं, हे दोन्ही असेल तरच ती खादी. २०१३ पासून त्यासाठी ‘खादी मार्क’ आहे आणि तो नसेल तर खादी म्हणून विकता येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी असं कापड घ्याल तेव्हा आधी मार्क मागा. शंका आली तर कडेचा एक धागा ओढून घरी चिमट्यात धरून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी उरतो. मिश्रण असेल तर राखेत खडा लागतो. आणि गागोद्याला जायचं असेल तर पावसाळा संपल्यावर जा. लाँचने निघणार असाल तर तेव्हाही आधी भरती-ओहोटी बघा.